अभिजात चित्रपटांचे पुजारी

चित्रपट काढायला शिकायचे तर जुने अभिजात चित्रपट पाहा, असे सांगणारे व्याख्यान आता आमच्या तालुक्याच्या गावीही दर वर्षी होते. सल्ला रास्त आहे. माझी तक्रार आहे ती त्यानंतर होणाऱ्या आरतीबद्दल. 'संत तुकाराम' लावायचा, तो 1936 साली 'प्रभात'ने काढला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसला गौरवला गेला एवढे सांगायचे, की हात जोडून मोकळे! मुलांच्या वहीत उरते काय? 'अलौकिक', 'अप्रतिम', 'कालातीत'. हीच विशेषणे मी वर्गात कवितेच्या रसग्रहणातून लाल शाईने खोडत असतो.

अहो, दामले आणि फत्तेलाल हे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले कारागीर. सुताराने दुसऱ्या सुताराचा सांधा पाहावा, तसे त्यांचे काम पाहायला हवे. आरंभी तुकोबा अभंग गातात. मग तोच अभंग देवळात सालोमालोच्या तोंडी येतो, आणि तोही स्वतःचा म्हणून! पागनिसांची तल्लीन मुद्रा आणि त्यापाठोपाठ सालोमालोचे नाटकी हावभाव. खरा कोण नि चोर कोण हे सांगायला वेगळ्या संवादाची गरजच उरत नाही. हे साधले कसे? कुठे कापले? किती वेळ थांबले? पुन्हा पाहा, आवाज बंद करून पाहा, वहीत मोजून लिहा. पुढे संतापलेली जिजाई विठोबावर पायताण उगारते. त्या प्रसंगावर आमचे व्याख्याते भक्तीविषयी वीस मिनिटे बोलतात. चमत्कारांनी भरलेला हा चित्रपट ही एकटी बाई जमिनीवर कशी धरून ठेवते, ते मात्र दाखवीत नाहीत.

असे बारकाईने पाहिले की नक्कल होते म्हणे! फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि मग मिळेल तो चित्रपट पाहत सुटले. इतके, की डोळ्यांवर बेतले. 1912 साली ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. निघाला काय? 1913 चा 'राजा हरिश्चंद्र'. ही नक्कल असेल तर आम्हांला असल्या नकला आणखी हव्यात. सत्यजित राय याहून बेरकी. एखाद्या पुस्तकावर चित्रपट येणार असे कळले, की ते आधी स्वतः पटकथा लिहीत आणि मग पडद्यावरच्या चित्रपटाशी ताडून पाहत. 1950 साली लंडनच्या मुक्कामात त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. त्यांत डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' होता. 'पथेर पांचाली' आला 1955 साली.

आमच्या शाळेतली दोन मुले फोनवर लहान चित्रपट करतात. दोघांचे आईबाप मजुरीला जातात. पुण्यामुंबईला राहून हे शिकणे त्यांच्या घराला झेपायचे नाही. जुने चित्रपट हीच त्यांची शाळा, आणि ते फोनवर हवे तिथे थांबवता येतात, ही या काळाची मोठीच सोय. त्याच मुलांना ही मंडळी शाळेच्या दारातून आत न नेता उंबऱ्यावर डोके टेकायला लावतात, याचा मला राग आहे.

पुढच्या वेळी व्याख्यात्यांना माझी विनंती एवढीच, की 'संत तुकाराम'ची पहिली दहाच मिनिटे दाखवा, पण चार वेळा दाखवा. आणि तोवर ध्वनिक्षेपक माझ्या ताब्यात द्या.