पंचम, पण माझा आधी!

दर ४ जानेवारीला, पंचमदांच्या स्मृतिदिनी, आमची चौकडी माझ्या कोथरूडच्या फ्लॅटवर जमते. खेळ एकदम सोप्पा. चिठ्ठ्या टाकायच्या आणि पाळीपाळीने आरडीचं एकेक गाणं उचलायचं. एकाने घेतलं की बाकीच्यांसाठी ते बाद! प्रत्येकाची पाच गाणी झाली की मनसोक्त भांडायचं. ‘तीसरी मंझिल’ (१९६६) तर पहिल्याच फेरीत उडतो.

यंदा पहिली चिठ्ठी माझी. मी बिनधास्त ‘इजाजत’मधलं (१९८७) आशाताईंचं नॅशनल अवॉर्डवालं गाणं घेतलं. बँकवाला मित्र गप्पच झाला. मग म्हणाला, ‘‘माझ्या पाचही पाळ्या घे, पण ते दे.’’

गेल्याच महिन्यात त्याचा डिव्होर्स झालाय, हे माझ्या डोक्यात जरा उशिराच शिरलं. (त्या गाण्यात गुलजार काय काय परत मागतात, ठाऊक आहे ना?)

द्यायला हवं होतं? मी नाही दिलं. म्हटलं, ‘‘हे ऐकत बसलास तर संपलास. ‘१९४२’मधलं कुमार सानूचं घे. १९९४ मध्ये ते गाजलं, तेव्हा ऐकायला पंचमदाच नव्हते.’’

‘‘हे काय सांत्वन आहे?’’ तो भडकला. पण घेतलं.

रात्री उशिरा निघताना जिन्यात गुणगुणत होता. नेमकं माझंच!