एका वर्गात दोन शिक्षक : वाटणी नको, संवाद हवा

एक कोर्स दोघांनी शिकवायचा म्हटलं की आपल्याकडे काय होतं? "पहिली चार प्रकरणं तुमची, पुढची चार माझी." एक सर वर्गात असतात, तेव्हा दुसरे स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसतात. माझ्या मते हे सहअध्यापन नव्हे, ही नुसती वाटणी झाली.

अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजचं उदाहरण पाहा. जेसुइटांनी १८६३ मध्ये स्थापन केलेलं हे कॅथलिक विद्यापीठ. पदवी कोणतीही असो, तत्त्वज्ञान, ईश्वरविद्या, इतिहास, साहित्य, विज्ञान यांचा गाभा अभ्यासक्रम तिथे प्रत्येकाला पूर्ण करावा लागतो. २०१५ पासून त्यात पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सहा क्रेडिटचे नवे कोर्स आले. दोन वेगळ्या विभागांचे प्राध्यापक मिळून ते शिकवतात. सुरुवातीच्या कोर्सपैकी एक होता हवामान बदलाचा, पर्यावरणशास्त्र आणि समाजशास्त्र यांनी मिळून शिकवलेला. व्याख्यान, प्रयोगसत्र आणि संध्याकाळची चिंतन-बैठक अशी या कोर्सची रचना असते.

यामागचा विचार जुना आहे. जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५२ मध्ये डब्लिनला विद्यापीठ-शिक्षणावर व्याख्यानं दिली. ज्ञान मुळात एकच आहे, त्याच्या शाखा एकमेकींच्या उणिवा भरून काढतात, त्यातली एक जरी वगळली तरी बाकीच्यांचा तोल जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते ईश्वरविद्येची बाजू मांडत होते, पण हा मुद्दा प्रत्येक विषयाला लागू पडतो.

आता कल्पना करा. विज्ञानाच्या मॅडम कार्बन डायऑक्साइड उष्णता कशी अडवतो ते समजावतात. समाजशास्त्राचे सर विचारतात, "इंधन जाळलं कुणी आणि घर बुडणार कुणाचं?" मॅडम म्हणतात, "याचं उत्तर माझ्या उपकरणांत नाही." मुलांसाठी खरा धडा हाच! आपल्या विषयाची हद्द ओळखणारा, दुसऱ्याचं ऐकून घेणारा शिक्षक त्यांना एरवी कुठे दिसतो?

पण हे फुकटात होत नाही. दोघंही प्रत्येक तासाला हजर, दोघंही तोच निबंध वाचणार, गुणांवर चर्चा करणार. एवढं करून कार्यभार मात्र अर्धा-अर्धा मोजला, तर दुसऱ्या वर्षी मंडळी गुपचूप वाटणीवर येतील. त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून संस्थेने दोघांचेही पूर्ण तास धरायला हवेत. तेवढे पैसे नसतील तर कोर्स कमी ठेवा, पण खरे ठेवा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आपल्याकडेही 'बहुविद्याशाखीय' हा शब्द सारखा कानावर पडतो. गुणपत्रिकेवर वेगवेगळ्या शाखांचे विषय शेजारी-शेजारी छापले म्हणजे ते एकमेकांशी बोलू लागतात असं नाही. पालकहो, प्रवेश घेताना विषयांची यादी जरूर पाहा, पण हेही विचारा : "इथले शिक्षक एकमेकांच्या तासाला बसतात का?"