सेट कुणाच्या हातात होता?

गेटवरचा वॉकीटॉकी चोरीला गेला की पहिला संशय वॉचमनवर येतो. दुसरा संशय रात्रपाळीच्या वॉचमनवर येतो. तिसऱ्या कुणावर तो येईपर्यंत पगारातून पैसे कापून झालेले असतात.

मांजरीत हे जवळून पाहिलं. मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं ३० जून २०२१ ला, पण उसाच्या रानात टॉवर त्याआधीच उठायला लागले होते. टॉवरमागून गेट आलं, गेटवर केबिन आली आणि केबिनीत चार्जरवर ओळीनं उभे केलेले काळे सेट आले. ओळखीच्या एका सोसायटीत असाच एक सेट पहाटे पाळी बदलताना नाहीसा झाला. रात्रीचे काका म्हणाले, ‘मी चार्जिंगला लावून गेलो.’ सकाळचा पोरगा म्हणाला, ‘मी आलो तेव्हा नव्हता.’ दोघंही खरं बोलत असतील. त्या मधल्या वेळात दूधवाला, पेपरवाला, कचऱ्याची गाडी, गाड्या पुसणारी पोरं, असं अर्धं गाव केबिनच्या खिडकीत हात घालून जातं. एजन्सीनं पैसे कापले ते काकांचे. काका लातूरकडचे, भांडले नाहीत.

भांडायला हवं होतं. नोकराच्या ताब्यात दिलेली वस्तू हरवली तर पगारातून कापता येतं, हे खरं. पण ती त्याच्याच हलगर्जीपणानं गेली असली पाहिजे आणि कापण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी दिली पाहिजे, असा नियम १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलाय. शिवाय ‘ताब्यात दिली’ म्हणायला काही कागद हवा. इथे तो नव्हता. सेट कुणी कुणाला दिला, याची नोंद कुठेच नव्हती. पाहुण्यांच्या गाड्यांचे नंबर मात्र वहीत सुवाच्य अक्षरात होते.

सेक्रेटरी तक्रार घेऊन पोलिसांकडे गेले. तिथे दोन प्रश्न झाले: किंमत किती, आणि नंबर काय? सेक्रेटरींना ही टाळाटाळ वाटली. मला ते दोन्ही प्रश्न रास्त वाटतात.

किमतीचं असं आहे, की १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये पाच हजारांच्या आतल्या चोरीला वेगळी वागणूक आहे. चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. असा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे आपल्या भाषेत एनसी; मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. सोसायट्यांत वापरतात तो साधा सेट बहुतेक वेळा या पाच हजारांच्या खालीच बसतो. त्यामुळे बिल जपून ठेवायला हवं, आणि महागडा सेट असेल तर जास्तच.

नंबरचा प्रश्न आणखी अवघड. मोबाइल गेला तर त्याचा पंधरा आकडी आयएमईआय असतो. केंद्र सरकारच्या सीईआयआर यंत्रणेत तो टाकला की फोन कुठल्याच कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही. ही सोय महाराष्ट्रात २०१९ मध्ये आली, देशभर २०२३ मध्ये. वॉकीटॉकीला त्यातलं काही नाही. साधे सेट एकमेकांशी थेट बोलतात. मध्ये टॉवर नाही, कंपनी नाही, तेव्हा बंद करणार कोण? सिमकार्डवर चालणारे सेट वेगळे, त्यांना आयएमईआय असतो. चांगल्या डिजिटल सेटमध्ये दुरून सेट मुका करायची सोयही असते, पण तो चालू आणि टप्प्यात असेल तरच ती लागू पडते. बाकी सगळ्यांना ओळख एकच, बॅटरीखालच्या चिकटपट्टीवरचा अनुक्रमांक. तोही नखानं निघतो. हवालदारानं सेक्रेटरींना विचारलं, ‘असेच दहा सेट समोर ठेवले, तर तुमचा कुठला ते कसं सांगाल?’ सांगता आलं नाही.

आणि सोसायटीच्या उशिरा लक्षात आलेली गोष्ट पुढे आहे. सेट गेला म्हणजे दोन-तीन हजार गेले, एवढ्यावर हे थांबत नाही. साध्या अॅनालॉग सेटवर चॅनल तोच राहिला तर चोराला घरबसल्या सगळं ऐकू येतं. ‘बी विंगचे चारशे दोनवाले गावाला गेलेत, पार्सल केबिनीत ठेव’, हे वाक्य आपल्या गेटवर दिवसातून किती वेळा बोललं जातं, आठवून पाहा. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांनी पोलिसांची क्वालिस पळवली, तेव्हा मागे जखमी अवस्थेत पडलेले पोलीस अरुण जाधव यांनी, अतिरेकी गाडी टाकून गेल्यावर, तिच्यातल्याच वायरलेसवरून कंट्रोल रूमला खबर दिली. म्हणजे पळवलेल्या गाडीत चालू सेट होता. तिथला प्रसंग कुठे आणि आपलं गेट कुठे. पण परक्या हातातला चालू सेट म्हणजे काय, ते यावरून कळावं. सेट गेल्याचं कळताच उरलेल्या सगळ्या सेटचं चॅनल त्याच दिवशी बदलायला हवं. या सोसायटीनं ते केलं, पण महिन्याच्या मीटिंगनंतर.

स्वस्तात जुना सेट घेणाऱ्यांनाही एक सांगायचंय. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे सेट २०१८ च्या नियमांनी परवान्यातून मोकळे झाले. त्याबाहेरचा सेट विनापरवाना बाळगणं १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून गुन्हाच धरलं गेलंय. त्यात तो चोरीचा निघाला, तर घेणाराही अडकू शकतो.

समजा सेट सापडला. तरी तो मुद्देमाल म्हणून वर्षानुवर्षं पडून राहायला नको. फोटो आणि पंचनामा करून वस्तू लवकर मालकाला सोपवावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितलंय आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याला मुदतीही घातल्यात. फक्त आपण मालक आहोत हे दाखवावं लागतं. पुन्हा तेच बिल, तोच नंबर.

केबिनला कुलूप, कॅमेरा, साखळी यांवर सोसायट्या हौसेनं खर्च करतात. मला वही जास्त भरवशाची वाटते. सेटचा नंबर, कुणी दिला, कुणी घेतला, वेळ आणि दोघांच्या सह्या. पाळी बदलताना याला दोन मिनिटंही लागत नाहीत. चोरी यानं थांबेलच असं नाही, पण पहाटेच्या दहा मिनिटांचा हिशेब लातूरच्या काकांकडून वसूल होणार नाही.

तेव्हा आज जेवणानंतर खाली उतरा, गेटवरच्या प्रत्येक सेटची बॅटरी काढा, आतल्या नंबराचा फोटो घ्या, आणि सोसायटीचं नाव त्याच्या अंगावर कोरून घ्या. पेन नको, पुसलं जातं.