दाताचा फोटो : गरज असेल तेव्हाच

दाढ ठणकू लागली की आपण दवाखाना गाठतो. डॉक्टर म्हणतात, "फोटो काढावा लागेल." फोटो म्हणजे एक्स-रे. काहीजण घाबरून नकोच म्हणतात, तर काहीजण सांगतील तितक्या वेळा निमूटपणे काढून घेतात. दोन्ही बरोबर नाही.

माती, हवा आणि आकाशातून निसर्गतःच रोज थोडे किरण आपल्या अंगावर येतात. एका दाताच्या छोट्या फोटोत साधारण एका दिवसाइतकेच किरण लागतात. पूर्ण जबड्याच्या फोटोला (ओपीजी) त्याहून जास्त लागतात आणि जबड्याच्या सीटी स्कॅनला आणखी जास्त. म्हणजे घाबरण्यासारखे काही नाही. परंतु हे किरण पेशींना इजा करू शकतात, म्हणून विनाकारण एकही फोटो नको. वाढत्या वयाच्या मुलांबाबत तर अधिकच जपावे.

दोन दातांमधली लपलेली कीड, मुळाशी झालेला पू, हाडात अडकलेली अक्कलदाढ हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तेथे फोटो हवाच. रूट कॅनाल करताना एकाच दाताचे दोन-तीन फोटो लागू शकतात. मात्र तोंड न तपासताच फोटो, किंवा दर सहा महिन्यांनी सर्वांचा फोटो, असा काही नियम नाही.

बंधू-भगिनींनो, एवढे लक्षात ठेवा :

१) जुना फोटो न दुमडता, नाव व तारीख घालून पाकिटात ठेवा. संगणकावर काढला असेल तर मोबाईलवर मागून घ्या. दवाखाना बदलला तर तो आधी दाखवा. किरणही वाचतील, पैसेही.

२) फोटो काढताना हलू नका. हलल्यास पुन्हा काढावा लागतो.

३) गरोदर असाल तर आधी सांगा. तातडीचा फोटो काढता येतो. थांबण्यासारखा असेल तर पुढे ढकलता येतो.

४) शिशाचा ॲप्रन घातला नाही म्हणून रागावू नका. दातांच्या फोटोला त्याची गरज नाही, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ साली सांगितले आहे. किरणांचा झोत दातापुरताच ठेवणे अधिक महत्त्वाचे.

आणि डॉक्टरांना अवश्य विचारा, "या फोटोमुळे उपचारात काय फरक पडेल?" असे विचारण्यात त्यांचा अपमान नाही. शरीर आपले आहे, पैसा घामाचा आहे. चांगला डॉक्टर समजावून सांगतोच.