फुकटचे नाटक

फुकटच्या नाटकाला जाऊ नये, असे आमचे अण्णा म्हणत. पदरचे पैसे मोडल्याशिवाय माणूस मन लावून ऐकत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. (घरात चार वर्षे फुकट जेवलेल्या एका बुवाचे मात्र ते मन लावून ऐकत. आईच्या पाटल्या त्यापायीच गेल्या.)

हे आठवायला निमित्त झाले ब्रुकलीनचे प्रॉस्पेक्ट पार्क. तिथे 'मोलिएर इन द पार्क' नावाची मंडळी त्या फ्रेंच नाटककाराची नाटके उघड्यावर, विनामूल्य करतात. लेकीने आईला आणि मला नेले, तो खेळ 'तार्त्यूफ'चा. एक ढोंगी साधुपुरुष भोळ्या गृहस्थाकडे मुक्कामाला येतो आणि त्याचे घरच बळकावतो, ही गोष्ट. १६६४ साली व्हर्सायच्या उत्सवात चौदाव्या लुईने ती पाहिली, अन् लोकांसमोर करायला बंदी घातली! धर्ममार्तंड खवळले होते ना. जाहीर प्रयोगाची परवानगी मिळायला १६६९ उजाडले. राजाला चालले ते रयतेला चालेना. आणि आता तेच नाटक बागेत, येईल त्याला!

संवाद इंग्रजीत. आईला काय कळणार, म्हणून मी कानाशी लागलो, तर तिने हातानेच गप्प केले. बुवा यजमानिणीशी लगट करतो आणि टेबलाखाली दडलेला नवरा ते सारे ऐकतो, तिथे मंडळी खो खो हसली. आई हसली नाही. परतताना तळ्याकाठी थांबून म्हणाली,

"अरे, तुझ्या अण्णांना एकदा टेबलाखाली बसवायला हवे होते."