कुत्र्याला जागा आहे, आम्हाला नाही

नदी सुंदर करायला निघालेल्यांनो, तुमचं चित्र मी पाहिलं. चकचकीत, भिंतीएवढं. काठाला फरशी, फरशीवर बाक, बाकावर म्हातारा-म्हातारी, पुढं सायकलवरचं पोरगं, साखळीला बांधलेलं कुत्रं. पाणी निळंशार. त्या पाण्यावर कुणी कपडे धूत नव्हतं. काठावर गोधडी वाळत नव्हती, भंगाराचं पोतं नव्हतं. कुत्र्याला जागा मिळाली होती. आमचं एक घर नव्हतं.

मी जिनिंगात राबणारा माणूस. संग्रामपूरचा, जिल्हा बुलडाणा. शाळा नववीत सुटली, बाकीचं वाचन रुईच्या गाठींवर बसून केलं. कविता तिथंच लिहिल्या, नाकातोंडात धूळ घेऊन. कपाशीचा हंगाम संपला की जिनिंग बंद, मग आम्ही शहरात जातो, बांधकामावर. अशाच एका शहरात मामीच्या खोलीवर उतरलो होतो, नदीकाठच्या वस्तीत. शहराचं नाव घेत नाही. घेतलं की बाकीची शहरं सुटतात.

एका रविवारी वस्तीच्या समाजमंदिरात ‘लोकसहभागाची बैठक’ झाली. बाबासाहेबांच्या फोटोखाली ते चित्र टेकवलं होतं. एका मॅडमनं रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. नदीकाठी तुम्हाला काय हवं ते लिहा म्हणाल्या. बाग, बाक, का पोरांना घसरगुंडी? बाई वाईट नव्हती. घाम पुसत होती, म्हाताऱ्यांनाही अहो-जाहो करत होती. मामीनं विचारलं, “बाई, याच्यात आमची घरं कुठी हायेत वो?”

“तो विषय वेगळ्या खात्याचा आहे, मावशी,” बाई म्हणाली. अन् मामीच्या हातात पिवळी चिठ्ठी दिली.

म्हणजे बाक आमच्या आवडीचा अन् घर वेगळ्या खात्याचं! याले सहभाग म्हणता काय रे? फाशी देताना दोर सुती पाहिजे का नायलॉनचा, एवढंच विचारता तुम्ही.

आता उघड्यावरचं सांगतो. पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर नदीचे काठ सुधारायचा बेत आहे. खर्चाचा अंदाज ४,७०० कोटींच्या वर. नमुना अहमदाबादच्या साबरमतीचा. त्या साबरमतीत शहरापुरतं भरलेलं दिसतं ते पाणी नर्मदेच्या कालव्याचं, आणि काठावरची हजारो कुटुंबं उचलून लांब नेऊन टाकली. पुण्याच्या नदीत वाहतं काय? शहराचा मैला. तो शुद्ध करायला ११ केंद्रं, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटरची. जपानच्या कर्जाचा करार २०१६ सालचा. २०२२ च्या मार्चात पंतप्रधानांच्या हातून भूमिपूजन झालं, तोवर त्यातलं एकही केंद्र चालू नव्हतं. गटारात उतरून गुदमरतो तो आमचाच माणूस. अन् तुमच्या बैठकीत चर्चा फरशीच्या रंगाची.

२५ जुलै २०२४. धरणातून पाणी सोडलेलं, मुठा चढलेली. डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत अंडाभुर्जीची गाडी पाण्यातून हलवताना शॉक लागून तीन पोरं मेली. चित्रात ती गाडी कुठं उभी आहे, दाखवा.

तुम्ही म्हणता, तुम्ही पूररेषेच्या आत राहताच कशाला? नकाशावर दोन रेषा असतात. निळी २५ वर्षांतल्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळीच्या आत बांधायला बंदी. आम्ही आत हौसेनं नाही गेलो. बाहेरची जमीन आमच्या बापजाद्याले कोणं देल्ली होती? गावातही तेच. वरच्या अंगाचं पाणी पाटलाचं, खालच्या अंगाचं आमचं. शहरानं फक्त गावाचा उतार उचलून आणला.

कागदावरचं पाणी आम्हाला नवं नाही. १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, ठरावात. तीन वर्षं ओंजळभर पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्याले. मग डोकी फुटली, तळ्याचं शुद्धीकरण झालं, कज्जा कोर्टात गेला. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ ला. तिथं कुणी चिठ्ठ्या वाटल्या नव्हत्या.

आणि नदी आम्हाला कळत नाही असं समजू नका. आमचा पूर्णेच्या खोऱ्यातला पट्टा खारपाणाचा. हिरीचं पाणी मचूळ, किडनीनं माणसं जातात. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर अन् जळगाव जामोद तालुक्यांत आभाळ फाटलं, तेव्हा माही बुढी रातीच म्हणाली, “पाणी समोरून नाई येत बाबू, मागून बाभयीकडून येते. पोट्टे उचल.” आलं तसंच. दुसऱ्या दिवशी तिनं चौकटीवर कोळशानं रेघ मारली. ती रेघ कुठल्याच नकाशात नाही. मामीच्या वस्तीत अशा दहा बुढ्या आहेत. मॅडमनं एकीलाही विचारलं नाही की पाणी कुठून चढतं, कुठं थांबतं, कुठल्या बोळातून लेकरं काढता येतात.

तर आराखडा करायचाच असेल तर कोरा कागद घेऊन या. पहिल्यांदा त्यावर घरं काढा, घरवाल्यांच्या नावासकट. कुणाचं हलवायचं तर कुठं, ते त्याच कागदावर, याच नदीच्या हाकेवर, अन् वस्तीची सही झाल्याबिगर नाही. मग मैल्याचे पाइप. झाडं अन् बाक शेवटी, उरलेल्या जागेत. अन् बैठक रविवारी दुपारी ठेवू नका. त्या टायमाला अर्धी वस्ती कामावर असते. रात्री आठनंतर या. जेवूनच जा.

मामीला लिहिता येत नाही. ती पिवळी चिठ्ठी तिनं माह्याजवळ दिली. म्हणाली, “लिही, घर.” मी लिहिलं. मॅडमच्या पेटीत टाकली. पुढं तिचं काय झालं, ते अजून कुणी सांगितलं नाही.