हिब्रू शिकून काय करणार?

दिवाळीत आमच्या घरी दोन प्रकारची माणसे येतात. एक फराळाला येणारी, आणि दुसरी फराळाच्या निमित्ताने गाऱ्हाणे घेऊन येणारी. परवा आलेले शेजारचे अण्णा दुसऱ्या प्रकारातले. सौ.ने पुढे केलेल्या चकल्यांना हातही न लावता ते म्हणाले, “सर, आता तुम्हीच पोरीला समजवा. बी. ए. झाली आणि म्हणते, ज्यूंचा इतिहास आणि हिब्रू भाषा शिकणार! जेरुसलेमच्या विद्यापीठात अर्ज करतेय. अहो, आपला त्या लोकांशी संबंध काय?”

मुलांना समजावणे हा आम्हा मास्तरांचा जोडधंदाच. पण या वेळी अण्णांनाच समजवावेसे वाटले.

“अण्णा,” मी म्हटले, “या विषयाला विद्यापीठाचे दार सहजासहजी उघडलेले नाही. १८१९ साली बर्लिनमध्ये लिओपोल्ड झुन्झ आणि त्याच्या तरुण मित्रांनी ज्यूंच्या विद्येचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायला मंडळ काढले. तिथल्या विद्यापीठांत हिब्रू होती, पण ख्रिस्ती धर्मशास्त्राची पायरी म्हणून. बायबलनंतरचे ज्यू कवी आणि तत्त्वज्ञ जणू जन्मलेच नव्हते! १८४८ साली झुन्झने बर्लिन विद्यापीठात या विषयाचे अध्यासन मागितले. नकार मिळाला. शेवटी १८७२ साली ज्यूंनी त्याच शहरात आपली स्वतंत्र विद्यासंस्था काढली. नाझींनी १९४२ साली तिला कुलूप लावले. पण तोवर, १९२५ सालीच, जेरुसलेमचे हिब्रू विद्यापीठ उघडले होते. शतकानुशतके प्रार्थनेत आणि पोथ्यांत राहिलेली भाषा तिथे वर्गात बोलली जाऊ लागली.”

“असेल,” अण्णा म्हणाले. “पण ते सगळे तिकडचे.”

“तुमचे गाव अलिबागकडचे ना? घरात ‘शनिवार तेली’ हा शब्द कधी ऐकलात?”

अण्णा एकदम सावरून बसले. “आजीच्या तोंडी असायचा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. आमच्याकडे तेल त्यांचेच यायचे म्हणे.”

“तेच बेने इस्रायल. शनिवारी शब्बाथ पाळणारे, घरात मराठी बोलणारे, दिवेकर-केहीमकर अशी आडनावे लावणारे आपले कोकणी ज्यू. त्यांच्यातले जोसेफ इझिकेल राजपुरकर मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. हिब्रू प्रार्थना त्यांनी मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून होते, आणि तोवर केहीमकर हयात नव्हते!”

हे सांगता सांगता माझाच आवाज जरा खाली आला. गेली वीस वर्षे मी मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवतो आहे. राजपुरकरांचे नाव मी वर्गात एकदाही उच्चारलेले नाही. का? तर परीक्षेला येत नाही म्हणून. बर्लिनच्या प्राध्यापकांना नावे ठेवणे सोपे आहे हो! आपल्या अंगणातले माणूस आपल्या पुस्तकात नाही, हे मात्र दुसऱ्या कुणाची तरी पोर जेरुसलेमला जायला निघाली तेव्हा माझ्या ध्यानात आले.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, “तिथे पोरीला कुणी मराठी बोलणारे भेटेल का हो?”

“भेटेल की. १९४८ नंतर इथले बहुतेक बेने इस्रायल तिकडेच गेले. जुन्या पिढीतली माणसे अजून मराठी बोलतात.”

तेव्हा कुठे अण्णांनी चकली उचलली. जाताना, मुलीच्या अर्जासोबत लागणारे माझे शिफारसपत्र कधी मिळेल, हेही विचारून गेले.

ते पत्र मी त्याच रात्री लिहिले. आणि एक ठरवून टाकले. सुट्टीनंतर कॉलेज उघडले की पहिला तास राजपुरकरांवर घ्यायचा. परीक्षेला येत नसले तरी!